पुण्यातलं मोठं विद्यापीठ सोडून रत्नागिरीकडच्या छोट्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला जाऊ का?

भरती_ओहोटी
नमस्कार. बीएस्सीचं पहिलं वर्ष नुकतंच झालं, मेजर प्राणिशास्त्र, मायनर रसायनशास्त्र. पुण्यात एका मोठ्या विद्यापीठाच्या आवारातच शिकते. नाव मोठं आहे, वाचनालय तर फारच छान. पण प्रॅक्टिकलला एका मायक्रोस्कोपवर पाच जणी. स्लाइड माझ्यापर्यंत येईस्तोवर तास संपतो. वर्ष झालं तरी एकाही सरांना माझं नाव माहीत नाही.
घर पावसच्या पुढे, खाडीलगत. रत्नागिरीत किंवा आसपास छोट्या कॉलेजात जावं असं डोक्यात आहे. राहणं, जेवण, प्रवास सगळं धरून महिना ६ हजारांच्या वर जमणार नाही, यंदा आंबा फारच कमी झाला. क्रेडिट चालतात का? पुढे एमएस्सीला अडचण येते का? कोणी केलंय का असं?

पायरीवाला
अजिबात सोडू नका. आमचे चिरंजीव पुण्यातच शिकले, आज कॅनडात आहेत. आम्ही तेव्हाच कर्वेनगरला टू बीएचके घेऊन ठेवला. भाडं भरण्यापेक्षा हप्ता परवडतो. तुमच्या वडिलांना सुचवून बघा.

खाजणकाठ
पायरीवाले काका, ती ६ हजार म्हणतेय.

पायरीवाला
तेव्हा हप्ता फार नव्हता हो.

कुडाळचो_मामा
बाय, माझा ऐक. माझ्या चेडवाक मी सावंतवाडीक पंचम खेमराजात घातलंय. सकाळी घरची पेज खाऊन जाता, सांजवेळेक घराक येता. पुण्यात जावन काय वेगळा शिकवतत? तूय सावंतवाडीकच ये.

लाल_डब्बा
मामा, ती पावसची. सावंतवाडीला रोज यायचं तर तिकडेच खोली घ्यावी लागेल. त्यापेक्षा रत्नागिरी बरी, एसटी आहे. आणि मुलींना एसटीचा पास फुकट असतो.

सरकारी_शाई
फुकट पास बारावीपर्यंत. कॉलेजला विद्यार्थी सवलतीचा मासिक पास, भाड्याच्या एक तृतीयांश पैशात. आता मुद्द्याचं. कॉलेजच्या प्रवेश विभागात नोकरी केली आहे, म्हणून सांगतो.
रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातली बीए, बीकॉम, बीएस्सीची कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली आहेत. पुण्याहून येणं म्हणजे नुसतं कॉलेज बदलणं नाही, विद्यापीठ बदलणं. मायग्रेशन सर्टिफिकेट लागेल, नव्या विद्यापीठाची पात्रता लागेल, आणि अभ्यासक्रम किती जुळतो ते विभागाकडून तपासून घ्यावं लागेल. एबीसी आयडी, म्हणजे क्रेडिट जमा होतात ते तुझं ऑनलाइन खातं, उघडून पहिल्या वर्षाची क्रेडिट जमा झालीत का बघ, ४० ते ४४ दिसायला हवीत. पण खात्यात जमा असणं वेगळं आणि नव्या कॉलेजनं ती धरणं वेगळं. मेजरचं सहसा निभावतं. घोडं अडतं ते मायनर आणि बाकीच्या छोट्या छोट्या विषयांवर. तुझं मायनर तिथे नसेल तर काय, हे आधी विचार.
सगळ्यात महत्त्वाचं: जागा आहे असं लेखी हातात पडेपर्यंत जुन्या कॉलेजातून दाखला काढायचा नाही. "या हो, जागा आहे" असं फोनवर सगळेच म्हणतात.

लाल_डब्बा
महिलांना २०२३ पासून निम्मं तिकीट आहे ना? मग पास कशाला?

सरकारी_शाई
एक तृतीयांश हे निम्म्यापेक्षा कमी असतं.

खाजणकाठ
माझा पुतण्या असाच मोठ्या शहरातून गावाकडच्या एका कॉलेजात आला. नाव घेत नाही. विभागात कायम शिक्षक एकच, बाकी सगळे तासिका तत्त्वावर. त्यांच्या नेमणुका वेळेत झाल्या नाहीत म्हणून अर्धं सत्र तसंच गेलं. तेव्हा इमारत आणि बाग बघू नका. विभागात कायम माणसं किती, प्रयोगशाळा सहायक आहे का, रसायनं कधी येतात, हे तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठून विचारा. मुलं खोटं सांगत नाहीत.

कोकणकन्येची_वेटिंग
मुंबई-गोवा हायवे पूर्ण होईपर्यंत कोकणातलं काहीच धड होणार नाही. कॉलेजचं काय घेऊन बसलात.

पायरीवाला
अगदी बरोबर! गेल्या गणपतीत पेणजवळ आम्ही किती तास अडकलो होतो, विचारू नका.

कोकणकन्येची_वेटिंग
ट्रेननं यायचं ना काका.

पायरीवाला
तिकीट तुम्ही काढून देणार का?

निवटी
हायवेसाठी वेगळा धागा आहे, तिकडे जा.
@भरती_ओहोटी, मी स्वतः प्राणिशास्त्राची, रत्नागिरीतच शिकले. तुझ्या विषयाला पुण्यापेक्षा किनारा जवळचा. भाट्याची खाडी आहे, ओहोटीला खडक उघडे पडतात, झाडगावला सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र आहे. तिथे मत्स्यालय आहे आणि देवमाशाचा सांगाडासुद्धा. मी पाठ्यपुस्तकात बघायच्या आधी चिखलावर उड्या मारणारी निवटी बघितली होती. हे तुला पुण्यात कोण दाखवणार? एमएस्सीसाठी बऱ्याच ठिकाणी आता सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा लागते, तिथे कॉलेजचं नाव कोणी विचारत नाही. मार्क विचारतात.

सरकारी_शाई
निवटीताई, नाव विचारत नाहीत हे अर्धंच खरं. चौथ्या वर्षाचं विचारायला हवं. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांची साधी पदवी आणि चार वर्षांची ऑनर्स. ज्या कॉलेजात एमएस्सी किंवा संशोधन केंद्र नाही तिथे संशोधनासह ऑनर्स मिळेल अशी आशा धरू नये. म्हणजे तिसऱ्या वर्षानंतर पुन्हा बदली, पुन्हा हीच कागदपत्रं. माझं मत विचारशील तर जिथे प्राणिशास्त्राची एमएस्सी आहे तिथेच जा, नाहीतर आहेस तिथेच राहा.

आबोली_७
मुलींना फी माफ झालीय ना आता? मग पैशाचा प्रश्नच कुठे येतो?

सरकारी_शाई
२०२४ च्या जुलैमधला तो शासन निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, तोही ठरावीक प्रवर्ग आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर. साधं बीएस्सी त्यात नाही. शिष्यवृत्ती चालू असेल तर महाडीबीटीचं नूतनीकरण कॉलेज बदलल्यावर कसं करायचं, तेही नव्या कार्यालयात आधीच विचार. नंतर दोन्हीकडचे क्लार्क एकमेकांकडे बोट दाखवतात. मी दाखवलंय.

जेटीवरचा
प्राण्यांचीच आवड आहे तर शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात जा की. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं आहे, १९८१ पासून. माझा भाचा तिथून पास झाला, आता कोळंबीच्या प्रकल्पावर आहे. पगार ऐकलात तर गप्प बसाल.

खाजणकाठ
तो चार वर्षांचा वेगळा अभ्यासक्रम, पहिल्या वर्षापासून आणि सीईटीतून. तिनं एक वर्ष पाण्यात घालायचं का?

जेटीवरचा
मत्स्यशास्त्र आहे, पाण्यातच घालणार.

कुडाळचो_मामा
बाय, घराक विचारलंस काय? आवस काय म्हणता?

निवटी
परत सांगते, रत्नागिरीत ये. आणि हो, दाखला आधी काढू नकोस.

सरकारी_शाई
हे मी वर लिहिलंय.

भरती_ओहोटी
सगळ्यांचे आभार. आई म्हणते घरी ये, बाबा म्हणतात पुणं सोडू नको, त्यामुळे घरचं मत बरोबरीत सुटलं.
चौकशी करून आले. रत्नागिरीतल्या मोठ्या कॉलेजात एमएस्सी आहे, पण दुसऱ्या वर्षाच्या प्राणिशास्त्राला जागा रिकामी झाली तरच, आणि ते कळायला ऑगस्ट उजाडेल. घराजवळच्या दुसऱ्या एका कॉलेजात आत्ताच जागा आहे, तसं पत्रही दिलंय. नाव इथे टाकत नाही, नाहीतर माजी विद्यार्थ्यांची जुंपेल. तिथे वर्गात अठरा मुलं. दोन शिक्षक, त्यातल्या एक बाई तासिका तत्त्वावर. एमएस्सी नाही. मायनर रसायन मिळेल, पण पहिल्या वर्षाचे दोन छोटे विषय पुन्हा द्यावे लागतील. खाजणकाठ यांनी सांगितल्याप्रमाणे तिसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठलं. रसायनं उशिरा येतात म्हणाल्या, पण मायक्रोस्कोप प्रत्येकीला एक.
तिथेच जातेय. चौथ्या वर्षाचं तेव्हा बघू.

सरकारी_शाई
मी नेमकं तिथेच जाऊ नको म्हटलं होतं.

पायरीवाला
मग विचारायचंच कशाला? दोन शिक्षकांत कसलं शास्त्र होणार?

निवटी
अगं, ऑगस्टपर्यंत थांबली असतीस तर... बरं, असो. माझ्या मुंबई विद्यापीठाच्या दुसऱ्या वर्षाच्या नोट्स आहेत, जुन्या अभ्यासक्रमाच्या. आकृत्या तरी कामाला येतील. देऊ का?

भरती_ओहोटी
हो ताई, नक्की. मेसेज करते. आणि लाल_डब्बा, पासचा फॉर्म कॉलेजच्या सहीनं डेपोत द्यायचा ना?

लाल_डब्बा
हो. पण निम्म्या तिकिटाचाही एकदा हिशोब करून बघ, मला अजून पटलेलं नाही.