कंपनीच्या फोनवरून रात्री परदेशी कॉल्स गेले : सुरक्षेसाठी आधी काय करावे?

नवा_व्यवस्थापक : आमच्या ४० माणसांच्या कंपनीत आयपी पीबीएक्स (इंटरनेट तंत्रावर चालणारे कार्यालयाचे अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंज) आहे. गेल्या शनिवारी रात्री, कार्यालयाला कुलूप असताना, ११२ या एक्स्टेन्शनवरून (अंतर्गत क्रमांकावरून) आमचा एकही ग्राहक नसलेल्या देशांत शेकडो कॉल्स गेले आणि सेवा पुरवठादाराने सोमवारी कळवल्यावरच ते आम्हाला समजले. हे एक्स्टेन्शन नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याचे होते आणि त्याचा पासवर्डही ११२ हाच होता. एका महिन्याच्या फोनबिलाइतका खर्च मंजूर होईल, त्याहून अधिक नाही. फिरतीवरचे ६ सहकारी मोबाइल अ‍ॅपवरून कार्यालयाचे एक्स्टेन्शन वापरतात आणि ती सोय ठेवायची आहे. कृपया अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे.

सीमारक्षक : सेशन बॉर्डर कंट्रोलर घ्या, म्हणजे पीबीएक्स आणि इंटरनेट यांच्यामध्ये बसून कॉल्सवर पहारा ठेवणारी यंत्रणा. आमच्याकडे ३ वर्षांपासून आहे आणि आजवर एकही अनधिकृत कॉल गेलेला नाही. पीबीएक्स थेट इंटरनेटवर उघडा ठेवणे म्हणजे तिजोरी ओसरीवर ठेवण्यासारखे आहे. खर्च मर्यादेबाहेर जाईल, पण एका चोरीचे बिल भरण्यापेक्षा तो परवडतो, हे वरिष्ठांना पटवून द्यावे.

जुना_तारवाला : मी आयपीच्या आधीपासून एक्स्चेंज सांभाळत आलो आहे, म्हणून सांगतो की चोर केवळ इंटरनेटवरून येत नाही. आमच्या जुन्या कंपनीत बाहेरून फोन करून, पिन दाबून, कंपनीच्या लाइनवरून पुढे कॉल लावण्याची डिसा नावाची सोय कोणीतरी चालू ठेवली होती आणि चार आकडी पिन कोणाच्या तरी हाती लागला. चार आकड्यांचे पर्याय १०,०००च होतात, ते यंत्राने चाचपायला फारसा वेळ लागत नाही. व्हॉइसमेलचेही तसेच आहे : पिन १२३४ असेल आणि व्हॉइसमेलमधून पुढे क्रमांक फिरवण्याची मुभा असेल, तर चोराला पासवर्ड फोडण्याचीही गरज पडत नाही. डिसा आणि व्हॉइसमेलमधून बाहेर जाणारा मार्ग, दोन्ही आजच बंद करा. स्वागतकक्षातल्या व्यक्तीलाही सांगून ठेवा की ‘मी टेलिफोन कंपनीचा तंत्रज्ञ आहे, मला बाहेरची लाइन जोडून द्या’ असे म्हणणाऱ्या कोणालाही कॉल जोडून द्यायचा नाही.

पोर्टबदल : सिपचा (इंटरनेटवरून कॉल जोडण्याच्या पद्धतीचा) ५०६० हा पोर्ट, म्हणजे पीबीएक्सवर बाहेरून येण्याच्या दाराचा क्रमांक, बदलून दुसरा ठेवा. आमच्या नोंदींत रोज हजारो प्रयत्न दिसत होते, पोर्ट बदलल्यावर ते जवळजवळ थांबले. याला एक पैसाही लागत नाही.

नोंदवही : पोर्ट बदलल्याने नोंदींतली गर्दी कमी होते, दार बंद होत नाही. सगळे पोर्ट चाळणाऱ्याला नवा पोर्टही सापडतो. पासवर्ड ११२ असताना पोर्ट कुठलाही असला तरी निकाल तोच लागला असता. प्रत्येक एक्स्टेन्शनला लांब, यादृच्छिक आणि वेगळा पासवर्ड द्या. एक्स्टेन्शन अस्तित्वात नसले किंवा पासवर्ड चुकला, तरी दोन्ही वेळी पीबीएक्सने एकच उत्तर द्यावे, अशी मांडणी करा, कारण उत्तरे वेगळी असतील तर चोराला खऱ्या एक्स्टेन्शनची यादी आयती मिळते. वारंवार चुकीचा पासवर्ड टाकणाऱ्याला आपोआप अडवणारे फेल-टू-बॅनही लावा.

पोर्टबदल : मी पोर्ट हा एकमेव उपाय म्हटलेले नाही. आपण माझे म्हणणे अर्धेच वाचले आहे.

ढगवासी : हा सगळा व्याप कशासाठी? क्लाउडवरची फोनसेवा घ्या, सुरक्षा त्यांची जबाबदारी होते. आम्ही पीबीएक्स विकून टाकला आणि निश्चिंत झालो.

नोंदवही : क्लाउडवरही खात्याचा पासवर्ड आपलाच असतो, तो ११२ ठेवला तर तिथूनही कॉल्स जातील. शिवाय पुरवठादारावर डोळे मिटून विसंबता येत नाही. मार्च २०२३ मध्ये थ्रीसीएक्स या फोनप्रणाली पुरवणाऱ्या कंपनीच्या डेस्कटॉप अ‍ॅपच्या अधिकृत अपडेटमध्येच घातक कोड शिरला होता.

बोगदा : फिरतीवरच्या सहकाऱ्यांना व्हीपीएन (इंटरनेटवरून कार्यालयाच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित खासगी मार्ग) द्या आणि सिपचा पोर्ट बाहेरच्या जगाला पूर्ण बंद करा. पासवर्ड लांब ठेवा, हेही सांगतो.

आकडेमोड : मी तंत्रज्ञ नाही, लेखा विभागात आहे, आणि आमच्याकडे हेच घडले तेव्हा बिल माझ्याच टेबलावर आले होते. इथे प्रत्येकजण चोर आत कसा येणार नाही हे सांगत आहे, पण तो आलाच तर किती नेऊ शकेल, हे कोणी मोजलेले नाही. शुक्रवारी रात्री ८ ते सोमवारी सकाळी ८ हे ६० तास होतात. एकाच वेळी १० कॉल्स जाऊ शकत असतील, तर ३६,००० मिनिटांचे बिल होते. पुरवठादाराकडून परदेशी कॉल्सना २ वाहिन्यांची, म्हणजे एका वेळी दोनच कॉल्सची, मर्यादा घालून घेतली, तर तेच ७,२०० मिनिटांवर येते. चोर महागड्या क्रमांकांवर कॉल्स लावतो आणि त्या क्रमांकांच्या कमाईत त्याचा वाटा असतो, त्यामुळे पलीकडे कोणी बोलत नसले तरी त्याला मिनिटेच हवी असतात. म्हणून परदेशी कॉल्ससाठी वेगळे प्रीपेड खाते ठेवा, त्यात थोडी शिल्लक ठेवा आणि आपोआप रिचार्ज होण्याची सोय आठवणीने बंद करा. आम्ही ती चालू ठेवली होती.

नोंदवही : हे वर यायला हवे. एक भर घालतो : पीबीएक्स पुसून नव्याने बसवण्याआधी कॉल्सच्या आणि लॉगिनच्या नोंदींची प्रत काढून ठेवा, अन्यथा बिलाबाबत पुरवठादाराशी बोलताना हातात काही उरणार नाही. चोराने जाताना एखादे नवे खाते किंवा कॉल फॉरवर्डिंग मागे ठेवले आहे का, तेही तपासा.

सीमारक्षक : शिल्लक संपेपर्यंत चोरी होऊ द्यायची, याला सुरक्षा म्हणता येणार नाही. मी पुन्हा कंट्रोलरच सुचवेन.

नवा_व्यवस्थापक : सर्वांचे मनापासून आभार. कंट्रोलर मर्यादेत बसत नाही आणि क्लाउडचा करार या वर्षी शक्य नाही. प्रीपेड खाते घेतले असून मुख्य लाइनवरचे परदेशी कॉल्स पुरवठादाराकडूनच बंद करून घेतले आहेत. मात्र मोबाइल अ‍ॅपची सोय टिकवण्याचे आपण सुचवलेले सगळे मार्ग बाजूला ठेवून ती सोयच बंद करण्याचे ठरवले आहे. महिन्याभराच्या नोंदी काढल्या, तेव्हा ६ पैकी दोघांनीच ती वापरलेली दिसली.

बोगदा : माझ्या मते ही घाई आहे. व्हीपीएन एका दिवसात बसवता आले असते.

नवा_व्यवस्थापक : बसवता आले असते, पण ते रोज सांभाळणारे माणूस आमच्याकडे नाही. त्याच नोंदी चाळताना नोकरी सोडलेल्या आणखी तिघांची एक्स्टेन्शन्स चालू सापडली, ती आज दुपारी काढून टाकली.