मदत हवी आहे : ‘स्लॅम डंक’वरून सुचलेले टी-शर्ट, ठिपक्यांची छपाई आणि कॉपीराइटची मर्यादा

नमस्कार. सोलापुरातील आमच्या बास्केटबॉल गटासाठी, आणि जमल्यास पुढे विक्रीसाठीही, मी काही टी-शर्टांची चित्रे तयार करत आहे. त्यांची प्रेरणा ताकेहिको इनोउए यांची ‘स्लॅम डंक’ (१९९०-९६) ही बास्केटबॉलवरील मांगा (जपानी चित्रकथा) मालिका आहे. तिच्यातील शेवटच्या सामन्याचे अखेरचे क्षण त्यांनी जवळजवळ संवादाविना, केवळ शरीरांच्या हालचालींतून उभे केले आहेत, आणि मला टी-शर्टवर नेमकी तीच गती हवी आहे : चेंडू सुटल्यानंतरची बोटे, उडीपूर्वी वाकलेला गुडघा, भोवतीच्या वेगरेषा. चित्रे मी आमच्याच खेळाडूंना पाहून काढतो. सोलापुरी चादरीची नक्षीही त्यात घ्यावी असे काही मित्रांचे म्हणणे आहे. पण ती नक्षी स्थिर आणि भरगच्च असते, त्यामुळे या चित्रांतील वेग तिने झाकला जाईल असे मला मनापासून वाटते.

मुख्य अडचण छपाईची आहे. मांगातील करडी छटा बारीक काळ्या ठिपक्यांनी साधलेली असते. आपले शहर गणवेशांचे असल्याने येथे स्क्रीन प्रिंटिंग (जाळीतून शाई दाबून केलेली छपाई) करणारे पुष्कळ आहेत, परंतु त्यांचे बहुतेक काम शाळांची बोधचिन्हे आणि सपाट रंग यांचे असते. एका ठिकाणी काढलेल्या नमुन्यात ठिपके पसरून छातीवर नुसता काळा डाग उमटला. लाल सुती होजिअरीवर, १८० जीएसएमच्या (चौरस मीटरला १८० ग्रॅम वजनाच्या) कापडावर, फक्त काळ्या शाईने छापायचे आहे, म्हणजे खाली पांढऱ्या थराची गरज नाही. हाफटोन (ठिपक्यांतून साधलेली छटा) इंचाला ठिपक्यांच्या ४५ ओळींचा ठेवल्यास ७७ टी (सेंटिमीटरला ७७ धाग्यांची) जाळी पुरेल, की ९० टी घ्यावी? पाण्यावर आधारित शाईचा स्पर्श मऊ असतो, पण आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात ती जाळीतच सुकून बारीक छिद्रे बुजवते. प्लास्टिसॉल (प्लास्टिकयुक्त शाई) तसे सुकत नाही. मात्र ते पक्के होण्यासाठी सुमारे १६० अंश सेल्सिअस उष्णता लागते आणि लहान कारखान्यांत ती सगळीकडे सारखी मिळेलच असे नाही. डीटीएफचा (चित्र फिल्मवर छापून उष्णतेने कापडावर चिकटवण्याचा) पर्याय सोपा आहे, तरी पारा चाळिशीपार गेलेला असताना छातीभर प्लास्टिकचा पापुद्रा घेऊन खेळणे खेळाडूंना जाचक होईल.

दुसरा प्रश्न कायद्याचा. ‘आर. जी. आनंद’ खटल्यात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने कल्पना किंवा विषय यांवर कॉपीराइट नसतो, तो त्यांच्या मांडणीवर असतो असे स्पष्ट केले. म्हणून मालिकेचे नाव, पात्रे, त्यातील शोहोकू या संघाचे नाव आणि मूळ चौकटी मी कटाक्षाने टाळल्या आहेत. परंतु लाल टी-शर्टवर दहा क्रमांक घातला, तर जाणकार वाचकाला त्या संघातला दहा क्रमांकाचा नायक साकुरागीच आठवणार. गटापुरते हे चालेल असे गृहीत धरले, तरी विक्रीच्या वेळी तो क्रमांक बदलणे शहाणपणाचे ठरेल का?

होजिअरीवर हाफटोन छापणाऱ्यांनी शाई, जाळी आणि सुकवण्याची पद्धत सविस्तर सांगावी. सोलापुरात पन्नासच्या आतली मागणी घेऊन असे काम करणारे कोणी माहीत असल्यास तेही कृपया कळवावे. त्यांच्याकडे मी चित्राची फिल्म (जाळीवर चित्र उतरवण्यासाठीची पारदर्शक प्रत) स्वतः घेऊन जाईन.