किनाऱ्याचा रस्ता सपाट नाही!

वर कुणीतरी लिहिलंय की रेवसहून गोव्यापर्यंत समुद्राकाठचा रस्ता सपाट आहे, त्यामुळे सोबती नवखा असला तरी पावसाळ्यात सायकलने आरामात होईल. कळकळीने सांगतो, तसं अजिबात नाहीये. आम्ही दोघं जुलैत दापोलीहून गणपतीपुळ्याला गेलो होतो, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड अशा दोन जंगलजेट्या (गाड्यांना खाडीपार नेणाऱ्या फेरीबोटी) धरून. प्रत्येक खाडीला पार पाण्यापर्यंत उतरायचं, पलीकडे परत सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळाच्या पठारावर चढायचं, आणि वर सड्यावर एक झाड नाही, नैर्ऋत्येचा वारा सरळ तोंडावर. दक्षिणेकडे जाताना पावसाळ्यात हा वारा बहुतेक समोरूनच असतो हे धरूनच रोजचं अंतर ठरवा, आम्ही ८० ठरवलेले आणि ५०ला हातपाय गळाले.

मित्र माझ्यापेक्षा हळू चढतो, पहिल्या दिवशी मी पुढे जाऊन वर थांबायचो आणि तो पोचला की लगेच निघायचो, म्हणजे विश्रांती फक्त मला, त्याला नाहीच. हे फार चुकलं माझं. दुसऱ्या दिवसापासून चढाला तो पुढे, सड्यावर मी पुढे आणि तो माझ्या मागच्या चाकाच्या अगदी जवळ, वाऱ्याच्या आडोशाला, मग जमलं.

आणि ब्रेक! रिमब्रेक (चाकाच्या कडेवर पॅड दाबणारे) असतील तर जादा पॅड घ्याच, लाल चिखलात भराभर झिजतात. उतारावर सावलीत शेवाळ असतं, तिथे वळणाच्या आधीच वेग कमी करा, वळणात ब्रेक दाबू नका.