बास्करव्हिल छापल्यावर फिकट का दिसतो

बास्करव्हिल या इंग्रजी टाइपबद्दल (अक्षरवळणाबद्दल) तक्रार अशी की तो स्क्रीनवर देखणा दिसतो पण पुस्तकात छापला की फिकट पडतो, म्हणजे सलग मजकुराच्या कामाचाच नाही. फिकट पडतो हे मान्य, पण त्यात अक्षराचा दोष नाही हो. हा टाइप करणाऱ्या मुद्रक जॉन बास्करव्हिलने १७५७ मध्ये बर्मिंगहॅमला रोमन कवी व्हर्जिलचं काव्य छापलं तेव्हा नुसता टाइप नवा नव्हता, शाई त्याने स्वतःची, चांगली गडद काळी बनवली होती, काही भागाला जाळीच्या रेघा न उमटणारा गुळगुळीत कागद वापरला आणि छापलेले ताव गरम दाबाखाली घालून आणखी तुळतुळीत केले. शिवाय तेव्हाच्या छपाईत खिळा, म्हणजे अक्षराचा धातूचा ठसा, कागदात रुतला की शाई कडेने जराशी पसरते आणि बारीक रेघेला अंग येतं, ऑफसेटला, म्हणजे आजच्या सपाट छपाईत, हे होत नाही.

मी एका स्मरणिकेचा इंग्रजी भाग बास्करव्हिलमध्ये लावला होता, साध्या मॅपलिथो कागदावर, तर स्मॉल ई ची आडवी दांडी इतकी झिजली की तो सी वाटायला लागला. अशा वेळी मिसेस ईव्हज हा टाइप बघा, बास्करव्हिलवरून टाइप डिझायनर झुझाना लिचकोने १९९६ मध्ये केलेला, बास्करव्हिलच्या बायकोचं, सारा ईव्हजचं नाव दिलेला. रेघा मुद्दाम भरीव ठेवल्यात आणि खाली उघड्या पोटाचा तो सुंदर स्मॉल जी शाबूत आहे! फक्त स्मॉल अक्षरं उंचीला फार बुटकी आहेत, पॉइंट (अक्षराचा आकार) वाढवावा लागतो, आणि अक्षरांमधलं अंतरही सैल, त्यामुळे पानं वाढतात. जाड पुस्तकाला नाही परवडणार, कवितांना मस्त.