स्थापना दिनाला ग्रंथालयात इतिहासावर बोलायचंय, पण स्थापना धरायची कुठून?

शाईदौत:
शहराच्या स्थापना दिनानिमित्त ग्रंथालयाने मला पाऊण तास इतिहासावर बोलायला सांगितलंय. मी इतिहासकार वगैरे नाही, वाचनाची आवड आहे एवढंच. आता वाचायला घेतलं तर एका पुस्तकात स्थापनेचं साल एक, दुसऱ्यात भलतंच, आणि तिसरं म्हणतंय त्याच्या कितीतरी आधीपासून वस्ती होतीच. बॅनरवर साल छापून मोकळे झालेत! हा घोळ स्टेजवर काढू की गपचूप बॅनरवरचं साल धरून पुढे जाऊ? आणि नुसत्या सनावळ्या वाचल्या तर लोक मोबाईल काढून बसणार हे नक्की.

नकाशेवेडा:
अहो घोळच सांगा, तोच तर विषय आहे! रोमचा वाढदिवस २१ एप्रिल, इ.स.पूर्व ७५३, हे साल रूढ झालं वर्रो नावाच्या विद्वानाच्या हिशोबाने, आणि हा माणूस त्या सालानंतर सहाशेहून जास्त वर्षांनी जन्मला. तरी त्याच हिशोबावर इ.स. २४८ मध्ये सम्राट फिलिपने हजाराव्या वर्षाचा मोठा जल्लोष केलाच की. मॉस्कोचं ११४७ म्हणजे स्थापना नव्हेच, इतिवृत्तात नाव पहिल्यांदा आलं ते साल, तेही एका राजपुत्राने दुसऱ्याला भेटीला बोलावलं त्या निमित्ताने. बर्लिनचं १२३७ तर नदीपलीकडच्या जुळ्या गावाच्या उल्लेखाचं, खुद्द बर्लिनचं नाव कागदावर येतं १२४४ ला. आणि १९८७ मध्ये ७५० वर्षं झाली म्हणून शहर दुभागणाऱ्या भिंतीच्या दोन्ही बाजूंनी वेगवेगळे सोहळे केले, कोणाचा जास्त झोकात होतो याची चढाओढ. मी तर म्हणेन शहर कधी वसलं यापेक्षा पहिला वाढदिवस कधी आणि कोणी साजरा केला ते शोधा, मजा तिथे आहे.

स्पष्टवक्ती:
हे सगळं वाचायला छान आहे हो, पण लोक सणाच्या मूडमध्ये आलेले असतात, सुरुवातीलाच "तुमची तारीख चुकीची" म्हटलं की आयोजकांचे चेहरे पडणार आणि पुढचं कोणी ऐकणार नाही. आधी गोष्ट सांगा, तारखेचं मध्यावर आणा. कोलकात्यात तर हा वाद थेट कोर्टात गेला होता. ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी जॉब चार्नॉक २४ ऑगस्ट १६९० ला उतरला तोच शहराचा जन्मदिवस असं पिढ्यानपिढ्या शिकवलं, २००३ मध्ये हायकोर्टाने इतिहासतज्ज्ञांच्या समितीचा अहवाल बघून सांगितलं की चार्नॉक संस्थापक नाही आणि शहराला असा जन्मदिवसच नाही. सुतानुटी, गोविंदपूर, कलिकाता ही गावं आधीपासून होतीच ना. उलट मद्रासवाले बघा, १६३९ चं साल धरून २००४ पासून २२ ऑगस्टच्या आसपास वारसा फेऱ्या, व्याख्यानं चालू केली, शहरातलंच मैलापूर त्याहून कितीतरी जुनं हे सगळ्यांना माहीत असून.

शाईदौत:
मध्यावर आणायची आयडिया पटली. पण गोष्ट कुठून काढू? राजेरजवाडे सगळ्यांना पाठ आहेत.

दाखलनोंद:
मी ग्रंथालयातच काम करते म्हणून सांगते, कपाटं उघडायला लावा. जुनी गॅझेटियर (जिल्ह्याची सरकारी माहितीपुस्तकं), वर्तमानपत्रांचे बांधीव अंक, नगरपालिकेचे वार्षिक अहवाल, हे धूळ खात पडलेलं असतं. अंकांतल्या बातम्यांपेक्षा जाहिराती बघा, लोक काय विकत घेत होते, कशाला घाबरत होते (ताकदीच्या औषधांच्या जाहिराती!) सगळं कळतं. ग्रंथालयाची स्वतःची जुनी दाखल नोंदवही मिळाली तर सोनंच, कोणत्या वर्षी काय पुस्तकं घेतली त्यावरून शहर काय वाचत होतं ते दिसतं. अहवालात पाणी कधी आलं, गटारं कधी झाली, साथीत काय केलं ते असतं, भाषण तिथे जिवंत होतं. जुना नकाशा आणि आजचा नकाशा एकाच मापात करून शेजारी लावा, लोक आधी आपलं घर शोधतात मग आपोआप ऐकतात. फक्त मूळ कागद टेबलावर ठेवू नका, स्कॅन करून पडद्यावर दाखवा, चहाचे कप फिरत असतात आणि पाऊणशे वर्षांपूर्वीचा कागद घडीवर तुटतो.

नकाशेवेडा:
+१. आणि भाषण अर्ध्या तासात आवरा, उरलेला वेळ लोकांना. त्यांच्या आठवणी परवानगी घेऊन रेकॉर्ड करा, सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहून ग्रंथालयात जमा करा. माईक मात्र तुमच्याच हातात ठेवा, एकदा एखाद्या काकांकडे गेला की परत येत नाही.