मदत हवी आहे : पणजीचा चांदीचा ताईत उघडावा का?

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरचे. पणजीच्या पेटीत बोटाच्या पेराएवढा नळीसारखा चांदीचा ताईत सापडला. एका टोकाला लाख भरलीय, हलवला की आत काहीतरी सरकतं. बहुतेक भूर्जपत्र असावं. आई म्हणते, बाळाच्या गळ्यात घालू. मला गळ्यात दोरा नकोच वाटतो, झोपेत आवळला तर? कमरेच्या करदोट्यात ओवायचं म्हटलं तरी लाख सुटून तोंडात गेली तर, ही धास्ती आहेच.

सराफ्यातला सोनार म्हणाला, "ताई, गरम करून लाख काढतो, दोन मिनिटांचं काम." पण भूर्ज म्हणजे झाडाची सालच, चटकन जळायची! शिवाय आईचा हट्ट, ताईत उघडला की गुण जातो. (गंमत म्हणजे माझा भाऊ जपानहून 'ओमामोरी' म्हणजे तिकडचा ताईत घेऊन आला, त्याचीही पिशवी उघडायची नसते म्हणे, वर्षभराने देवळात परत द्यायची.)

उष्णता न देता लाख कुणी काढलीय का? आतलं भूर्जपत्र न फाडता कसं उलगडायचं? आणि काळी पडलेली चांदी न उघडताच उजळायची तर कशाने? पाणी आत जायला नको. इंदूरमध्ये जुनी कागदपत्रं हाताळणारं कुणी माहीत असेल तर कृपया सांगा. आईला मी सांभाळते.