हिवाळ्यातलं जपान, दोघांनी पाहिलेलं : तुमचे अनुभव लिहा

जपान म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांना साकुराच, म्हणजे चेरीचा बहरच, हवा असतो. मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला पंधरवडा, त्यातच सगळ्यांची झुंबड आणि हॉटेलांचे दर अव्वाच्या सव्वा. आम्ही दोघं मुद्दाम डिसेंबर-जानेवारीत गेलो, तर ओळखीपाळखीत एकच प्रश्न : "एवढ्या थंडीत काय बघणार तिथे?" माझं मत उलट आहे. ती शहरं थंडीतच बघावीत. पण माझ्या एकटीच्या सांगण्याने काय होतंय, म्हणून हा धागा. हिवाळ्यात जोडीने जपानची शहरं फिरला असाल तर लिहा. आठला निघालो, नऊला पोचलो असला दिनक्रम नको. एखादं शहर घ्या आणि तिथलं जे मनात बसलंय ते सांगा. कुरकुरही चालेल.

सुरुवात माझ्यापासून. टोकियोत डिसेंबरात लख्ख ऊन असतं. दुपारी दहा-बारा अंश, हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात, पण आभाळ निळंशार. तिथून कानाझावाची शिनकानसेन (म्हणजे बुलेट ट्रेन) धरली, साधारण अडीच तास. नागानोपर्यंत ऊन सोबत होतं. डोंगर ओलांडून पलीकडे उतरलो तर करडं आभाळ, रस्त्यात बर्फाचा रबरबाट आणि वरून भुरभुर चालूच. सैबेरियाकडून येणारा वारा जपानच्या समुद्रावरून ओल उचलतो, डोंगराला अडतो, सगळं ओझं याच किनाऱ्यावर उतरवतो आणि कोरडा होऊन टोकियोला पोचतो. म्हणजे कानाझावा कोकण आणि टोकियो देश, फक्त पावसाच्या जागी बर्फ. तिकडे म्हणच आहे, डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस.

या ओल्या, जड बर्फाने झाडांच्या फांद्या मोडतात. म्हणून केनरोकुएन बागेत १ नोव्हेंबरपासून माळी दोऱ्या बांधायला घेतात. झाडाच्या मधोमध उंच खांब, त्याच्या शेंड्यावरून भाताच्या पेंढ्याच्या दोऱ्या खाली सुटतात आणि एकेक फांदी उचलून धरतात. याला युकित्सुरी म्हणतात. आमचे हे आयुष्यभर पुलांच्या कामावर. मी तळ्याकाठी फोटो काढतेय आणि हे कारासाकीच्या जुन्या पाइनखाली मान वर करून उभे. "एक दोरी ढिली नाही बघ," एवढंच म्हणाले. रात्री हॉटेलच्या कागदावर आकृती काढून भार कसा वर जातो ते मला समजावत बसले. इतक्या वर्षांत यांनी मला पुलाचं कधी एवढं सांगितलं नव्हतं.

ठाण्याहून

आम्ही लग्नानंतर लगेच गेलो, त्यामुळे २४ डिसेंबरची संध्याकाळ टोकियोत. तिकडे नाताळ हा धार्मिक सण नाहीच, सुट्टीसुद्धा नसते. ती संध्याकाळ असते प्रेमात पडलेल्यांची. ऑफिस सुटलं की जोडपी नटूनथटून बाहेर, आणि बऱ्या हॉटेलातलं एकूण एक टेबल कधीच भरलेलं. १९७४ साली केएफसीने नाताळात तळलेली कोंबडी खा अशी जाहिरात केली, तेव्हापासून ती प्रथाच पडली आहे. लोक कोंबडीची बादली आधी नोंदवून ठेवतात आणि त्या दिवशी नुसती ती न्यायला रांग लावतात. आमची नोंदणी कुठलीच नव्हती. मग कोनबिनीतून (म्हणजे लॉसन, फॅमिलीमार्ट, सेव्हन-इलेव्हन, ही रात्रभर उघडी असलेली दुकानं) स्ट्रॉबेरीचा केक आणि गरम कॉफी घेतली आणि मारुनोउचीच्या दिव्यांनी मढलेल्या झाडांखाली बसून खाल्ला. बोटं गारठली होती, प्लॅस्टिकचा चमचा एकच मिळाला होता. नवरा म्हणतो, हॉटेलातल्या ठरलेल्या जेवणाचे पैसे वाचले हीच खरी भेट!

३१ तारखेला नेमकं उलटं. आपल्याकडे धांगडधिंगा, तिथे घरच्यांसोबत शांत रात्र. मध्यरात्री देवळं मात्र ओसंडतात. मेइजी देवळात नव्या वर्षाच्या पहिल्या तीन दिवसांत तीस लाखांच्या आसपास माणसं येतात म्हणे, आणि एवढ्या गर्दीत आम्हाला कुणाचा धक्का लागला नाही. जाणाऱ्यांसाठी : २८-२९ डिसेंबर ते ३ जानेवारी या काळात बहुतेक संग्रहालयं आणि घरगुती खानावळी बंद असतात हे धरूनच बेत आखा.

नाशिकहून

शाकाहाऱ्यांचं दुखणं मी लिहिते. मांस टाळणं अवघड नाही, अवघड आहे ती दाशी. वाळवलेल्या बोनिटो माशाच्या किसाचं पाणी सूपात, सॉसमध्ये, उकडलेल्या भाजीतही असतं. ताटात मासा दिसत नाही आणि असतो. क्योतोत नान्झेन्जी देवळाजवळ युदोफू खायला गेलो. समुद्री शेवाळाच्या पाण्यात टोफूचे तुकडे, खाली शेगडी, बाहेर गारठा, अगदी मनासारखं. पण सोबत बुडवायला दिलेल्या सॉसमध्ये मासा निघाला. मिठाशी खाल्लं आणि तसंच जास्त आवडलं.

खरं पोटभर जेवण तेनर्यूजी मठात झालं. तिथल्या शोजिन र्योरीत (म्हणजे मठातल्या सात्त्विक जेवणात) मांस-मासे तर नाहीतच, कांदा-लसूणही नाही. चातुर्मास पाळणाऱ्या सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर ताट दाखवलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "वरण कुठंय?" आणि एकादशी आली तेव्हा याकी-इमोने तारलं. भाजलेलं रताळं, सुपरमार्केटच्या दाराशीच गरम खड्यांवर ठेवलेलं असतं. साल सोलताना वाफ निघते आणि आत मधासारखा चिकट गर. तो अख्खा दिवस आम्ही दोघं रताळ्यांवर काढला.

निशी-कासाईतून

मी इथेच राहतो. टोकियोतल्या भारतीयांचं हे माहेरघर. २०१९ साली मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक इथल्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले, ते बऱ्याच जणांना आठवत असेल. पण सांगायचंय ते वेगळंच.

आसाकुसाला सगळे जातात, सेन्सोजीचा लाल कंदील बघतात आणि परततात. तिथून चालत दहा मिनिटांवर, सुमिदा नदीच्या अंगाला एका टेकाडावर मात्सुचियामा शोदेन आहे. शोदेन म्हणजे आपला विनायक, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे इथे आलेला. त्याचं इथलं रूप म्हणजे दोन गजमुखी आकृत्यांची मिठी, म्हणून मूर्ती कायम झाकलेली, दर्शनाला खुली नाही. देवळात जिथे तिथे दोनच खुणा : एकमेकांत गुंतलेले दोन मुळे आणि एक बटवा. मुळे म्हणजे नवरा-बायकोचं सख्य, बटवा म्हणजे बरकत. नैवेद्यही मुळ्याचाच, आणि तो देवळातच विकत मिळतो.

आईबाबा जानेवारीत आले होते तेव्हा त्यांना ७ तारखेला नेलं. त्या दिवशी तिथे मुळ्याचा उत्सव असतो. वाफाळता शिजलेला मुळा, वर मिसोचा (आंबवलेल्या सोयाबीनचा) गोडसर लेप, असा प्रसाद. बाबांचे गुडघे दुखतात, पण पायऱ्यांच्या बाजूने वर जायला छोटी फुकट रेल्वे आहे, एका डब्याची. आईचं तोंड आधी वाकडं. "मोदक नाही, दूर्वा नाही, मुळा? गणपतीला?" जोडमुळ्यांचा अर्थ सांगितला तर बाबांकडे बघून म्हणाली, "दोन घ्या." एवढाले पांढरेशुभ्र मुळे दोघांनी तान्ह्या बाळासारखे कवेत धरले आणि देवापुढे ठेवले. आधीचे वाहिलेले मुळे लोकांना घरी न्यायला ठेवलेले असतात, त्यातला एक पिशवीत आला. रात्री आईने त्याची हरभऱ्याची डाळ घालून भाजी केली. जपानी मुळ्याला उग्रपणा नाही हीच तिची तक्रार.

लातूरहून

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी नववीत होतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. बायकोचं आजोळ औसा तालुक्यातलं, तिच्या मामाचं घर त्यात गेलं. जपानचं ठरलं तेव्हा तिने एकच अट घातली, १७ जानेवारीला कोबेत असायचं.

कोबेचा भूकंप १७ जानेवारी १९९५ चा, पहाटे ५:४६. ६,४३४ माणसं गेली. दोन्हीकडे पहाट, दोन्हीकडे लोक झोपेत. आम्ही सान्नोमियाजवळ उतरलो होतो. अंधारात चालत हिगाशी युएन्ची बागेत गेलो. बांबूच्या नळकांड्यांत पाणी, त्यात तरंगणाऱ्या मेणबत्त्या, आणि त्यांच्या मांडणीतून जमिनीवर उमटलेला १.१७ हा आकडा. मेणबत्त्या लोकच पेटवतात, वारा विझवतो, परत पेटवतात. एका आजीने काही न विचारता बायकोच्या हातात आपल्या हातातली मेणबत्ती दिली. ५:४६ ला सगळे मान खाली घालून उभे राहिले. भाषणबिषण आम्हाला कळलं नाही, कळायची गरजही पडली नाही. बायको हॉटेलवर आल्यावर मामीला फोन लावून बराच वेळ बोलली.

भूकंप झाला त्याच वर्षी डिसेंबरात त्या शहराने लुमिनारिए सुरू केलं, गेलेल्यांच्या आठवणीत दिव्यांच्या कमानी. आता ते जानेवारीच्या उत्तरार्धात सुरू होतं. तारखा जुळल्या तर दोन्ही बघा. आमच्या जुळल्या नाहीत.

डोंबिवलीहून

कोबेचा विषय निघालाच आहे तर जवळच्या अरिमा ओन्सेनला जा. गरम पाण्याचे झरे, एक पाणी स्वच्छ आणि दुसरं लोखंडामुळे गंजासारखं तांबूस. आधी बुटक्या स्टुलावर बसून खसाखसा अंघोळ, मगच कुंडात. अंगावर एक चिंधी नाही, आणि बायका-पुरुष वेगळे. मी दहा मिनिटं लाजले, मग लक्षात आलं की माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाहीये. "अर्ध्या तासात भेटू" म्हणून गेलेला नवरा सव्वा तासाने लालबुंद होऊन आला. जोडीने जाताय तर वेळ अशी ठरवा की दोघांनाही पाळायची नसेल.

कोल्हापूरहून

साप्पोरो, फेब्रुवारी, बर्फाचा उत्सव. १९५० साली शाळेच्या पोरांनी ओदोरी बागेत सहा पुतळे केले, तिथनं सुरुवात. आता इमारतीएवढे पुतळे असत्यात आणि ते रचायला सैन्याचे जवान येत्यात. कोनबिनीत बुटाला लावायचे खिळ्यांचे पट्टे मिळतात, पयलं ते घ्या. आमची मंडळी माझ्या हाताला धरून बदकासारखी चालली, आणि पडलो मी. जेवायला तिथलं सूप करी. तांबड्या रश्श्याचा लांबचा भाऊ, तिखटाची पातळी आपण सांगायची. मी सगळ्यात वरची सांगितली. वेटर दोनदा विचारून गेला. बरं होतं, पण घाम काय फुटला नाही.

म्हापशाहून

सगळे गोडगोड लिहितायत, मी कुरकुर करते. साडेचार-पाचला सूर्य बुडतो. दुपारी जेवून जरा टेकलं की दिवस संपला. क्योतोच्या देवळांत चपला काढून उघड्या लाकडी व्हरांड्यांतून चालायचं, दोन जोड मोजे घालूनही पाय बधिर. किन्काकुजी देवळातल्या सोन्याने मढवलेल्या मंडपावर बर्फ पडलेला बघायचा म्हणून थांबलो, तर तिथे बर्फ क्वचितच टिकतो आणि आमच्या वाट्याला नुसता गार पाऊस. आम्हा गोंयकारांना हे झेपणारं नाही. पेय विकणाऱ्या यंत्रांना मात्र पैकीच्या पैकी गुण. लाल पट्टी असेल ते गरम. मक्याच्या सूपाचा डबा घ्यायचा, आधी तो दोघांनी आळीपाळीने हातात धरायचा, मग प्यायचा. तळाशी दाणे चिकटून राहतात, त्यावरून आमचं रोज भांडण.

(धागाकर्ती)

कुरकुर पोचली! रेल्वेपास, बॅगा आणि फुजी पर्वताबद्दल निरोपातून विचारलेल्यांना एकत्र उत्तर : ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा जेआर पास (जपान रेल्वेचा पर्यटकांसाठीचा पास) २९,६५० येनवरून ५०,००० येन झाला, तेव्हा टोकियो-क्योतो-ओसाका एवढंच करणार असाल तर सुटी तिकिटं स्वस्त पडतात. जाड कपड्यांच्या बॅगा गाडीत ओढत बसू नका. हॉटेलातून पुढच्या हॉटेलात कुरिअरने पाठवता येतात, बहुधा दुसऱ्या दिवशी पोचतात. फुजी हिवाळ्यातच सगळ्यात स्वच्छ दिसतो. टोकियोहून क्योतोला जाताना उजवीकडची ई अक्षराची खिडकी मागा. खिडकी एकच असते, ती कुणाची हे घरातून निघतानाच ठरवा.